आकड्यांतून घडवलेले स्वर

आम्ही शाळेत असताना गल्लीच्या गणेशोत्सवात एका रात्री हमखास ऑर्केस्ट्रा असे. गायकांपेक्षा आमचे लक्ष कीबोर्डवाल्याकडे लागलेले असे. एकाच वाद्यातून तो व्हायोलिनांचा ताफा काढी, मग घंटा, मग बासरी, आणि मध्येच कधीही न ऐकलेला एखादा चमत्कारिक आवाज. वाद्याच्या कपाळावर चिकटपट्टीने कागद डकवलेला असे. त्यावर गाण्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. एकदा मध्यंतरात धीर करून आम्ही विचारले, "काका, हे आवाज यात येतात कुठून?" हातातला चहाचा पेला खाली न ठेवता ते म्हणाले, "कंपनीतूनच भरून येतात रे."

उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. त्या पिढीच्या पुष्कळ वाद्यांवर 'एडिट' असे लिहिलेले बटण असे. ते दाबले की कंपनीने भरलेला आवाज उघडा पडे, तो कोणत्या आकड्यांनी बनला आहे ते दिसे, आणि वाजवणाऱ्याला ते आकडे बदलून आपला स्वतःचा आवाज घडवता येई. हे आम्हाला कळायला बरीच वर्षे गेली. असे आकडे असतात तरी कशाचे, ते कोणाला सुचले, आणि दार उघडे असूनही बहुतेक वादक आत का शिरले नाहीत, याची हकिकत येथे सांगायची आहे. तिची सुरुवात एका तालवादकाच्या कानापासून होते.

त्याआधी थोडी उजळणी करू. नादाचे तीन गुण आपण वर्गात शिकवतो: उंचसखलपणा म्हणजे तारता, लहानमोठेपणा म्हणजे तीव्रता, आणि तिसरा गुण म्हणजे नादाची जात. बासरीचा सा आणि सारंगीचा सा एकाच तारतेचा व एकाच तीव्रतेचा असला तरी डोळे मिटून ओळखता येतो, तो या जातीमुळे. तारतेचे मोजमाप वारंवारता, तीव्रतेचे आयाम. पण जातीचे मोजमाप एका आकड्यात सांगता येत नाही. कोणत्याही वाद्याच्या स्वरात मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारता मिसळलेल्या असतात. त्यांना संनादी म्हणतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा संनादी होय. तार १०० हर्ट्झला लावली असेल तर तो ५०० हर्ट्झला सापडेल. कोणता संनादी किती प्रमाणात मिसळला आहे, यावर नादाची जात ठरते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले होते.

मग कृत्रिम स्वर बनवणे सोपे असायला हवे. प्रत्येक संनादीसाठी एक दोलक घ्या, योग्य प्रमाणात मिसळा, झाले काम! प्रत्यक्षात असा स्वर निर्जीव वाटतो. कारण खऱ्या वाद्यात हे प्रमाण क्षणोक्षणी बदलत असते. फ्रान्सचे झाँ-क्लोद रिसे यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रम्पेटच्या स्वरांचे संगणकावर पृथक्करण केले. स्वर जसजसा मोठा होतो तसतसे वरचे संनादी अधिकाधिक ठळक होतात, आणि तो कमी होताना तेच आधी विरतात, असे त्यांना आढळले. ट्रम्पेटचा 'ट्रम्पेटपणा' या चढउतारात होता. म्हणजे वीस संनादी असतील तर वीस दोलक आणि त्यांच्या चढउताराचे वीस आलेख. एका स्वराला एवढे, तर दहा बोटांनी वाजवणाऱ्याला किती?

रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून बनवलेल्या विद्युत् सिंथेसायझरमध्ये उलटी वाट धरलेली होती. आधीच भरपूर संनादी असलेला करवतीच्या दात्यांसारखा तरंग घ्यायचा आणि गाळणीतून नको ते काढून टाकायचे. दोलक, गाळणी, प्रवर्धक हे सारे वेगळे खण. त्यांना केबलच्या तुकड्यांनी जोडायचे. टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीसारखे ते दृश्य दिसे. या जोडणीच्या केबलला इंग्रजीत 'पॅच कॉर्ड' म्हणतात. सिंथेसायझरवरच्या तयार आवाजाला आजही 'पॅच' म्हणतात ते त्यावरून. बटणे फिरवून मनाजोगा आवाज सापडला की तो लगेच कागदावर टिपून ठेवावा लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मिळेलच याची खात्री नसे. ही अडचण १९७८ साली आलेल्या 'प्रॉफेट-५' या वाद्याने दूर केली. डेव्ह स्मिथ या अभियंत्याने त्यात मायक्रोप्रोसेसर बसवला, आणि बटणांच्या स्थिती आकड्यांच्या रूपात साठवण्यासाठी चाळीस जागा ठेवल्या. आवाज 'लिहून' ठेवता येऊ लागला, तसाच तो परत काढून सुधारता येऊ लागला. प्रोग्रॅम करणे आणि एडिट करणे हे संगणकाच्या दुनियेतले शब्द वादकांच्या बोलण्यात रुळले ते या काळात. आपल्याकडेही त्याचे पडसाद उमटले. चित्रपटसंगीतात वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये जुळवून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी ती फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या नृत्यसंगीताच्या चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतले.

पण ही सर्व वाद्ये मुळात विद्युत्-मंडलांची होती. आकडे फक्त बटणांच्या जागा लक्षात ठेवत. खुद्द नाद आकड्यांतून उभा करण्याची वाट निराळीच होती.

बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाला सूर वाजवायला लावला होता. त्यांनी १९६३ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलेला लेख कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतरचना शिकणाऱ्या जॉन चाऊनिंग यांच्या हाती पडला. चाऊनिंग मूळचे तालवादक. गणिताचे किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण नाही, संगणकाशी तोवर संबंध नाही. तरी ते १९६४ मध्ये मॅथ्यूजना भेटायला गेले आणि छिद्रपत्रांवरचा त्यांचा प्रोग्रॅम घेऊन परतले. विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील मोठ्या संगणकावर, डेव्हिड पूल या विद्यार्थ्याच्या मदतीने, त्यांनी तो चालू केला. संगणक सर्वांच्या सामाईक वापरात असे, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. काही सेकंदांच्या नादासाठी यंत्राने मिनिटेच्या मिनिटे आकडेमोड करायची. 'करून बघू, ऐकून बघू' या वृत्तीला असे वातावरण पोषक म्हणता येणार नाही, आणि तरीही घडले ते त्याच वृत्तीमुळे.

१९६७ सालच्या शरदात चाऊनिंग स्वराच्या कंपनाशी खेळत होते. आपल्या संगीतात ज्याला आंदोलन म्हणतात, म्हणजे स्वर आपल्या जागेच्या थोडा वर-खाली झुलवणे, त्याचाच हा जलद प्रकार. गायक किंवा व्हायोलिनवादक साधारण सेकंदाला पाच-सहा झोके देतो. संगणकात हे सोपे असते. एक साइन तरंग आपल्याला ऐकू येणारा, आणि दुसरा त्याच्या वारंवारतेला झुलवणारा. चाऊनिंगनी झुलवणाऱ्या तरंगाचा वेग वाढवला, झोक्याची लांबीही वाढवली. सेकंदाला दहा झोके, वीस झोके, पन्नास. गळ्याला किंवा बोटाला जे शक्य नाही ते संगणकाला शक्य होते. आणि एका टप्प्यानंतर झोके ऐकू येईनासे झाले! त्यांच्या जागी एक स्थिर, भरदार, निराळ्याच जातीचा नाद ऐकू येऊ लागला. दोन साधे साइन तरंग, ज्यांना स्वतःची अशी काहीच जात नाही, आणि त्यांतून वीस दोलकांचे काम होत होते.

हे का होते? येथे जरा थांबू, कारण विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. झुलणाऱ्या तरंगाला वाहक म्हणू आणि झुलवणाऱ्याला मॉड्युलेटर. वाहक ४०० हर्ट्झचा आणि मॉड्युलेटर १०० हर्ट्झचा असेल तर मिळणाऱ्या नादात ४०० च्या दोन्ही बाजूंना १००-१०० च्या अंतरावर नव्या वारंवारता उमटतात: ५०० आणि ३००, ६०० आणि २००, ७०० आणि १००. यांना पार्श्वपट्टे म्हणतात. किती जोड्या ऐकू येतील हे झोक्याच्या लांबीवर अवलंबून असते. झोका ४०० च्या वर-खाली २०० हर्ट्झ जात असेल तर २०० भागिले १०० म्हणजे २. हा भागाकार म्हणजे मॉड्युलेशनचा निर्देशांक. त्यात एक मिळवला की महत्त्वाच्या जोड्यांची संख्या ढोबळमानाने मिळते, येथे तीन. एफ. एम. रेडिओचे गणित हेच. फरक एवढाच, की तेथे वाहक सुमारे दहा कोटी हर्ट्झचा असतो आणि तो आपल्याला ऐकायचा नसतो. येथे दोन्ही तरंग कानाच्या टप्प्यातले. रेडिओच्या अभियंत्यांना हे सूत्र अनेक दशके पाठ होते. त्याचा हा उपयोग त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नाही, आला तो एका संगीतकाराच्या. आम्हा शास्त्रशाखेच्या मंडळींनी हे मधूनमधून आठवावे.

आता दोन गुणोत्तरे घेऊन पाहू. वाहक आणि मॉड्युलेटर दोन्ही १०० हर्ट्झचे असतील तर १००, २००, ३०० असे सगळे संनादी मिळतात. मॉड्युलेटर २०० चा केला तर वरच्या बाजूला ३००, ५००, ७०० येतात. खालच्या बाजूला १०० उणे २०० म्हणजे उणे १००, पुढे उणे ३००. ऋण वारंवारता म्हणजे काय, असे हुशार मुले विचारतीलच. उणे कोनाची साइन ही त्या कोनाच्या साइनच्या उणे असते, हे त्यांना त्रिकोणमितीत शिकवलेले आहे. तेव्हा उणे १०० हर्ट्झ म्हणजे १०० हर्ट्झचाच उलटा केलेला तरंग. सगळे मिळून १००, ३००, ५००, ७००: फक्त विषम संनादी, आणि ही क्लॅरिनेटची खूण. गुणोत्तर पूर्णांकांचे सोडून भलतेच घेतले, तर? चाऊनिंगनी वाहक २०० आणि मॉड्युलेटर २८० घेतला. येणाऱ्या वारंवारता ८०, २००, ३६०, ४८०, ६४०, ७६० अशा. (या साऱ्यांना ४० ने भाग जातो हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल, पण मधल्या इतक्या पायऱ्या गाळलेल्या आहेत की कानाला ४० हर्ट्झचा मूळ स्वर जाणवत नाही.) ऐकू येते ती चक्क घंटा.

पुढची चार वर्षे ही युक्ती बरीचशी कुतूहलाची वस्तू राहिली. मग १९७१ मध्ये चाऊनिंगना रिसे यांचे ट्रम्पेटवरचे काम आठवले. स्वर मोठा होताना वरचे संनादी वाढतात, एवढेच करायचे ना? मग निर्देशांक स्वराच्या चढउताराबरोबरच वरखाली करायचा. वीस आलेखांची जागा एकाने घेतली, आणि ट्रम्पेटसारखा जिवंत नाद दोन दोलकांतून निघाला. त्यांचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. घंटेचा हिशेबही त्यातच आहे.

विद्यापीठाने ही कल्पना अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना देऊ केली. त्यांच्या अभियंत्यांचे आयुष्य विद्युत्-मंडलांत गेलेले. आकड्यांतून नाद ही भाषाच त्यांना परकी होती. त्यांनी नकार दिला. जपानच्या यामाहा कंपनीचे तरुण अभियंते काझुकियो इशिमुरा आले आणि त्यांना ती काही मिनिटांतच उमगली असे चाऊनिंग सांगत. दरम्यान त्याच विद्यापीठाने चाऊनिंगना कायमची नेमणूक नाकारली होती. यामाहाशी परवान्याचा करार १९७५ साली झाला, त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांना नव्या संगणकसंगीत केंद्राचे संचालक म्हणून परत बोलावले. पेटंट १९७७ मध्ये मिळाले. त्याने विद्यापीठाला पुढे दोन कोटी डॉलर्सहून अधिक मिळवून दिले. नेमणूक समितीच्या सदस्यांना ते पाहून काय वाटले असेल, हा विचार मनात येतोच.

यामाहाला हे गणित एका पेटीत बसवायला आठ वर्षे लागली. आरंभीच्या एका महागड्या वाद्यात आवाज चुंबकीय पट्ट्यांवरून भरत आणि वाजवणाऱ्याला ते बदलता येत नसत. आमच्या कीबोर्डवाल्या काकांचे उत्तर त्या वाद्याला तंतोतंत लागू पडले असते. मग १९८३ साली 'डीएक्स-७' आला. ६१ पट्ट्या, एका वेळी सोळा स्वर, किंमत १,९९५ डॉलर्स. प्रत्येक स्वराला सहा दोलक. कोणता दोलक कोणाला झुलवणार याच्या ३२ जोडण्या, ज्यांना 'अल्गोरिदम' म्हटले होते. सोळा गुणिले सहा म्हणजे ९६ दोलक, आणि प्रत्येकाची किंमत सेकंदाला सुमारे ४९ हजार वेळा काढायची. म्हणजे सेकंदाला ४७ लाख साइन! १९८३ च्या तंत्रज्ञानात हे साधले कसे? केन शिरिफ यांनी २०२१ साली त्या वाद्यातील चिपची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन ते उलगडून दाखवले. साइनला आयामाने गुणावे लागते आणि गुणाकार वेळखाऊ असतो. म्हणून चिपमध्ये साइनचे कोष्टक न साठवता साइनच्या लॉगॅरिदमचे कोष्टक साठवले होते. लॉगमध्ये लॉग मिळवायचा आणि दुसऱ्या कोष्टकातून अँटिलॉग काढायचा. ज्यांनी विद्यार्थिदशेत लॉग टेबलची पुस्तिका पाने गळेपर्यंत वापरली त्यांना हे वाचून बरे वाटावे. तीच पुस्तिका त्या चिपमध्ये कोरलेली होती.

आता आवाज 'एडिट' करणे म्हणजे काय ते पाहू. या वाद्यातला 'ई पियानो १' हा आवाज त्या दशकातल्या पाश्चात्त्य प्रेमगीतांत इतका वाजला, की नाव माहीत नसले तरी तो आपण ऐकलेला असतो. तो पाचव्या अल्गोरिदमवर बांधलेला आहे: सहा दोलकांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीत एक वाहक आणि एक मॉड्युलेटर. दोन जोड्यांत गुणोत्तर १:१, त्या स्वराचे अंग भरतात. तिसऱ्या जोडीत गुणोत्तर १:१४. वाहक २०० हर्ट्झचा असेल तर तिचे पार्श्वपट्टे २,६०० आणि ३,००० हर्ट्झच्या आसपास पडतात, मूळ स्वरापासून फार दूर. ही जोडी पट्टी दाबताच 'टिण्' करून विझते. हातोडीने धातूच्या काडीवर टोला मारल्याचा भास ती देते. पट्टी जोरात दाबली तर मॉड्युलेटरची पातळी वाढते, म्हणजे निर्देशांक वाढतो, म्हणजे वरचे संनादी वाढतात. ट्रम्पेटवरचा तोच धडा बोटांपर्यंत पोहोचला. हा आवाज ज्यांनी बसवला त्यांत डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी ल्युएनबर्गर हे दोन वादक प्रमुख. म्हणजे कंपनीतून भरून येणारे आवाजही कोणीतरी कानाने ऐकत, आकडा मागेपुढे करतच भरलेले असतात. ब्रिस्टो यांनी पुढे चाऊनिंग यांच्याबरोबर वादकांसाठी या विषयावर पुस्तकही लिहिले.

एका आवाजाचे एकूण आकडे १४५. प्रत्येक दोलकाला २१: वारंवारतेचे गुणोत्तर, पातळी, चढउताराच्या आलेखासाठी चार वेग व चार पातळ्या, वगैरे. सहांचे १२६, आणि सगळ्यांचे सामाईक १९. हे बदलायचे तर एडिट बटण दाबा, ३२ चपट्या बटणांपैकी हवे ते शोधा, सोळा अक्षरांच्या दोन ओळींच्या पडद्यावर एका वेळी एक आकडा पाहा आणि एकुलती एक सरकपट्टी हलवून तो बदला. मग पुढचा.

गोम येथे आहे. मूगच्या किंवा प्रॉफेटच्या वाद्यावर प्रत्येक गुणाला स्वतःचे बटण होते. गाळणीचे बटण फिरवले की आवाज मिटतो, सोडले की खुलतो. काय होईल हे हाताला कळे. येथे आकडा ७४ चा ७५ केला तर एकदा काहीच फरक पडत नाही आणि दुसऱ्यांदा सगळा नाद कर्कश होतो, कारण निर्देशांकाबरोबर पार्श्वपट्ट्यांची प्रमाणे सरळ रेषेत वाढत नाहीत. काही वाढतात, काही शून्यावर जाऊन पुन्हा उगवतात. (ज्यांनी बेसेल फलने अभ्यासली आहेत त्यांना कारण ठाऊक असेल.) मॉड्युलेटरचाही मॉड्युलेटर असलेल्या अल्गोरिदममध्ये तर अंदाज बांधणे अशक्यच. दुरुस्तीच्या दुकानांत त्या काळी एक गोष्ट सांगत: येणाऱ्या दहांपैकी नऊ वाद्यांत कंपनीचे मूळ ३२ आवाज जसेच्या तसे असतात, एकालाही हात लागलेला नसतो. ही कोणी केलेली मोजणी नव्हे, दुकानदारांचा अनुभव. पण तयार आवाज भरलेल्या कार्ट्रिज विकण्याचा धंदा मात्र जोरात चालला, हे खरे. ब्रायन ईनो यांच्यासारखे काही थोडे संगीतकार वर्षानुवर्षे याच एका वाद्याचे आकडे चाळवत बसले आणि त्यांना त्यात नवे नाद सापडत राहिले.

वादक आळशी होते असे यावर म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. आम्हाला ते पटत नाही. वेग थोडा वाढवावा, ऐकावे, पुन्हा वाढवावा, अशा रीतीने चाऊनिंगना हा शोध लागला. त्यातून जन्मलेल्या वाद्याने मात्र कान आणि हात यांच्यामध्ये १४५ आकड्यांची भिंत बांधली. स्वस्त आणि टिकाऊ वाद्य बनवायचे तर पन्नास बटणे परवडणार नव्हती हे मान्य. तरी किंमत मोजली गेली ती येथे. त्याच १९८३ साली वाद्ये एकमेकांना व संगणकाला जोडणारी 'मिडी' ही सर्वमान्य पद्धत सुरू झाली. काही वर्षांत संगणकाच्या पडद्यावर सगळे आकडे एकदम दाखवणारे, आलेख उंदराने ओढू देणारे प्रोग्रॅम निघाले. तोवर डीएक्स-७ दीड लाखाहून अधिक विकला गेला होता आणि बहुतेकांच्या मते तो 'भरून येणारे' वाद्य ठरला होता. त्याचे ३२ आवाज मिळून संगणकात ४,०९६ बाइट्स होतात. आपल्या हातातला हा लेख साठवायला त्याच्या कितीतरी पट जागा लागेल.

हे तंत्र पुढे अनपेक्षित ठिकाणी पोहोचले. १९८७ सालच्या 'ॲडलिब' या संगणकाच्या साउंड कार्डात, १९८८ सालच्या 'सेगा मेगा ड्राइव्ह' या व्हिडिओ गेमच्या यंत्रात, आणि नंतर २००० च्या सुमारास आलेल्या कित्येक मोबाइल फोनांच्या रिंगटोनमध्ये यामाहाच्या लहानशा एफ. एम. चिप होत्या. वाचकांपैकी अनेकांच्या खिशात चाऊनिंगचा शोध काही वर्षे वाजत होता. पेटंटची मुदत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संपली. आता 'डेक्स्ड' नावाचा मुक्त प्रोग्रॅम डीएक्स-७ ची हुबेहूब प्रतिकृती साध्या संगणकावर मोफत देतो, आणि १४५ च्या १४५ आकडे एका पडद्यावर दिसतात. शाळेच्या संगणककक्षात तो चालतो. आम्ही चालवून पाहिला आहे. खऱ्या वाद्याची गरज नाही.

वर्गात करायचे असेल तर कोऱ्या आवाजापासून सुरुवात करावी. त्यासाठी 'इनिट' नावाची सोय असते. पाचवा अल्गोरिदम घ्यावा आणि पहिला व दुसरा सोडून बाकीचे दोलक बंद ठेवावेत. दुसऱ्याची पातळी शून्य असताना फक्त साइन ऐकू येईल, शिट्टीसारखी कोरी. मग त्याचे गुणोत्तर १ ठेवून पातळी हळूहळू वाढवावी आणि मुलांना डोळे मिटून सांगायला लावावे की कोणत्या क्षणी जात बदलली. गुणोत्तर २ केले की आवाज पोकळ होईल. विषम संनादींचा हिशेब तोवर फळ्यावर असावा. शेवटी गुणोत्तर १.४ करावे आणि दोन्ही दोलकांचा विझण्याचा वेग अगदी मंद ठेवावा. घंटा वाजेल आणि बराच वेळ घुमत राहील. आता गुणोत्तराला हात न लावता मॉड्युलेटरची पातळी कमी करावी आणि दोघांचा विझण्याचा वेग इतका वाढवावा की नाद सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपेल. त्याच वारंवारता, तेच दोन तरंग. पण आता कोणी त्याला घंटा म्हणणार नाही, चामड्यावर थाप पडल्यासारखा आवाज येतो. चाऊनिंग यांनी हाच बदल आपल्या १९७३ च्या निबंधात करून दाखवला आहे. तालवादकाला तो सुचावा यात नवल नाही.